ईकोचा कॅटकॉन (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) घरी बदलायचा आहे, पी०४२० कोड जात नाही

पांढरी_ईको
२०१६ ची ईको, पेट्रोल आणि सीएनजी, १,१२,००० किमी. चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर पी०४२०. कोड पुसला की दोन-तीन दिवसांत परत हजर. चढावर गाडी दमते. घरी ३ टनी जॅक, दोन घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) आणि अर्ध्या इंची रॅचेट आहे. कॅटकॉनच गेलाय हे पक्कं कसं करायचं? गंजलेले नट न मोडता कसे काढायचे? आणि बाजारातला स्वस्त माल चालेल का? कॅटकॉन काढून मधे सरळ पाइप टाकून मोकळं व्हा, असंही एकाने सुचवलंय.

रिंगपाना
आधी नवा भाग विकत घेऊ नका. कॅटकॉनच्या पुढे एक आणि मागे एक ऑक्सिजन सेन्सर असतो; पी०४२० म्हणजे मागच्याला पुढच्यासारखाच धूर दिसतोय, एवढंच. इंजिन पूर्ण गरम करा, २५०० आरपीएमवर दोन-तीन मिनिटं धरा आणि स्कॅनरवर दोन्ही सेन्सरचे व्होल्ट बघा. पुढचा ०.१ ते ०.९ असा नाचणारच. मागचा ०.६-०.७ च्या आसपास शांत हवा. तोही पुढच्याच तालात नाचत असेल तर कॅटकॉन थकलाय. मात्र त्याआधी मॅनिफोल्डपासून (इंजिनमधून धूर बाहेर पडतो तो पहिला पाइप) मागच्या सेन्सरपर्यंतचा प्रत्येक जोड तपासा. पॅकिंगजवळ काळी काजळी दिसली तर तिथून हवा आत ओढली जाते आणि हाच कोड खोटाच येतो. १०० रुपयांच्या पॅकिंगपायी कॅटकॉन बदललेल्या गाड्या कमी नाहीत.

चढावर दमते म्हणताय, म्हणजे तो तुंबलाही असू शकेल. पुढचा सेन्सर काढून त्या भोकात (आटे १८ × १.५) प्रेशर गेज लावा. आयडलला (गाडी उभी, पाय न दाबता) साधारण सव्वा पीएसआयच्या आत, २५०० ला ३ च्या आत हवं. गेज नसेल तर थंड कॅटकॉनवर रबरी हातोड्याने हलकेच ठोका. खुळखुळ वाजलं की आतलं मधाच्या पोळ्यासारखं सिरॅमिक फुटलेलं आहे.

आणि तो मेला कशाने, हे शोधल्याशिवाय नवा बसवू नका. सीएनजीवर मिसफायर होत असेल (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटतच नसेल) तर न जळलेला गॅस कॅटकॉनमध्ये जाऊन जळतो आणि सिरॅमिक वितळतं. प्लग, कॉइल बघा, फ्युएल ट्रिम (संगणक इंधन किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा) दोन्ही इंधनांवर वेगवेगळी बघा; १० टक्क्यांच्या पलीकडे गेली तर आधी ते दुरुस्त करा. इंजिन ऑइल पीत असेल तर ऑइलमधला फॉस्फरस नव्या कॅटकॉनवरही थर देणार.

जुनी_घोडी
खरं काम नटांचं. आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशने आटे साफ करा आणि पेनिट्रेटिंग ऑइल मारा, झोपताना परत एकदा. सकाळी पाच मिनिटं इंजिन चालवा, हात लावता येईल इतकं निवू द्या. मग सहा कोनी सॉकेट. बारा कोनी सॉकेट नटाचे कोपरे खातो. आधी किंचित आवळायचं, करकर आवाज आला की उलट फिरवायचं. अर्धा फेरा सैल, पाव फेरा घट्ट, असं करत या. सरळ झटका दिलात तर स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) तुटणार. तुटलाच तर ते घरचं नाही, वेल्डरचं काम: उरलेल्या टोकावर नट वेल्ड करून तो गरम असतानाच फिरवतात.

गॅसचा टॉर्च मात्र नाही! खालून पेट्रोल आणि सीएनजीच्या लाइन जातात. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, मागच्या चाकांना दगड, आणि गाडी घोड्यांवर. नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही.

सेन्सरचा प्लग आधी सोडवा, मग चीर असलेल्या २२ नंबरच्या सॉकेटने सेन्सर काढा. वायर पिळली तर सेन्सर गेला. हँगरच्या (सायलेन्सर टांगणाऱ्या हुकाच्या) रबराला साबणपाणी लावलं की ते निसटतं. नट सुटेपर्यंत सायलेन्सरखाली लाकडी ठोकळा ठेवा, नाहीतर सगळं वजन पुढच्या जोडावर येतं.

बसवताना कॅटकॉनवरचा बाण गाडीच्या मागच्या बाजूला. पॅकिंग नवं, नट नवे, स्टडला निकेल अँटिसीझ (नट जाम होऊ न देणारी पेस्ट). सिलिकॉन पेस्ट कुठेही नको, तिच्या वाफेने सेन्सर आंधळा होतो. सगळे नट आधी हाताने लावा, हँगर सरळ करून घ्या, मग समोरासमोरचे जोडीने आवळा. मॅन्युअलमधला टॉर्क (किती जोराने आवळायचं तो आकडा) मिळाला तर तोच धरा. पहिल्यांदा चालू केल्यावर दहा-पंधरा मिनिटं वास आणि धूर येतो, घाबरू नका. पण हे उघड्यावरच करा. थंड झाल्यावर नट एकदा तपासा.

बीएस४वाला
सरळ पाइपवाल्याचं ऐकू नका. तुमची गाडी बीएस४ (भारत स्टेज ४ हे प्रदूषणाचं मानक); बीएस४ पेट्रोलला पीयूसीत आयडलला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) २०० पीपीएमची मर्यादा आहे. कॅटकॉनशिवाय ती पाळणं जवळजवळ अशक्य. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दंड १०,००० पर्यंत जातो. स्वस्त मालात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर पातळ असतो; पीयूसी निघते, पण कोड काही महिन्यांत परत येतो. मी कंपनीचाच घेईन. जुना भंगारात किलोवर देऊ नका, आतल्या 'माती'चा (या धातूंचा थर असलेल्या सिरॅमिकचा) भाव वेगळा मिळतो. ईकोचे सायलेन्सर चोरीला जातात ते त्या मातीसाठीच. नवा बसवल्यावर नटांना वेल्डिंगचा एकेक टाका मारून घ्या.

जुनी_घोडी
टाका नको. पुढच्या वेळी ग्राइंडर लावावा लागेल आणि स्टडसकट सगळं जाईल. खालून जाळी बसवा, तीही चेसिसला भोक न पाडता क्लॅम्पवर. जाळी आणि कॅटकॉनमध्ये दोन बोटं अंतर ठेवा, नाहीतर पावसाळ्यात अडकलेला पालापाचोळा तिथेच पेटेल.