विषय: हेलसिंकीत बाबांच्या पंचाहत्तरीसाठी भूमध्यसागरी धाटणीचे रेस्टॉरंट

स.न.वि.वि.
जूनच्या तिसऱ्या आठवड्यात माझे आईबाबा साताऱ्याहून येत असून त्याच मुक्कामात बाबांची पंचाहत्तरी आहे. औक्षण घरी होईलच; परंतु संध्याकाळी त्यांना एखाद्या देखण्या ठिकाणी जेवायला न्यावे, अशी मनापासून इच्छा आहे. आई अंडेही खात नाही. भूमध्यसागरी चवी दोघांनाही रुचतील असे वाटते. जाणकारांनी कृपया सुचवावे.
– लेप्पावारा येथील सभासद

सप्रेम नमस्कार.
माझे मत बुलेवार्दी रस्त्यावरील ‘बुलेवार्ड सोशल’ला आहे. तेथे पूर्व भूमध्यसागरी आणि उत्तर आफ्रिकी वळणाचे पदार्थ मिळतात, आणि मुख्य म्हणजे ते टेबलाच्या मध्यभागी ठेवून सर्वांनी वाटून खायचे असतात. प्रत्येकाच्या पुढ्यात वेगळी बशी आली की आपली वडीलधारी मंडळी अवघडून बसतात. एकाच पंगतीला बसल्यासारखे वाटले की मोकळेपणाने जेवतात, असा माझा अनुभव आहे. गेल्या वर्षी माझ्या सासूबाईंपुढे ‘बाबा गनूश’ हा वांग्याचा पदार्थ ठेवला, तेव्हा भाजलेल्या वांग्याचा खरपूस वास येताच त्यांनी ‘हे तर आपले भरीत’ म्हणून वाटी जवळ ओढली. लबनेही त्यांना परके वाटले नाही, कारण तो आपला चक्काच; फक्त साखर-वेलचीऐवजी मीठ आणि वर ऑलिव्हचे तेल.

एस्प्लानादी उद्यानासमोरचे ‘ब्रोंडा’ उंच छतामुळे आणि मोठ्या खिडक्यांमुळे अधिक रुबाबदार दिसते, परंतु बाबांना शांतपणे गप्पा मारायच्या असतील तर तेथील गजबज त्यांना मानवेल असे वाटत नाही. इसो रोबेर्तिनकातूवरील ‘येस येस येस’ पूर्ण शाकाहारी आहे. तेथील डाळिंबाचे दाणे पेरलेले तळलेले हलूमी चीज मुलांना फार आवडले.

आईंसाठी मात्र एक गोष्ट आवर्जून सांगतो. मेनूवरील ‘एल’ म्हणजे लॅक्टोजविरहित, ‘जी’ म्हणजे ग्लूटेनविरहित आणि ‘एम’ म्हणजे दूधविरहित. यांपैकी एकही अक्षर शाकाहाराची हमी देत नाही. शिवाय अस्सल पार्मेझान चीज वासराच्या जठरातील रेनेट (दूध घट्ट करणारे द्रव्य) वापरूनच करतात, आणि शाकाहारी म्हणून दिलेल्या पदार्थावरही ते किसून घातलेले असू शकते. एका ठिकाणी ताट समोर आल्यावर आम्हाला हे कळले आणि सासूबाई त्या संध्याकाळी केवळ पावावर राहिल्या, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून अंडे, मासे आणि रेनेट या तिन्ही गोष्टी टेबल राखून ठेवतानाच लिहून कळवाव्यात.
– एस्पो येथील सभासद

नमस्कार.
वरील सूचनांशी मी सहमत आहे, फक्त तारीख तपासून घ्यावी. युहान्नुस हा फिनलंडमधील उन्हाळ्याच्या मध्याचा सण २० ते २६ जूनदरम्यानच्या शनिवारी येतो. आदल्या शुक्रवारपासूनच लोक आपापल्या उन्हाळी घरांकडे निघतात आणि शहरातील अनेक रेस्टॉरंटे बंद असतात. वाढदिवस त्या दोन दिवसांत येत असेल तर बुधवारी किंवा गुरुवारी जेवायला जावे. त्या दिवसांत सूर्य रात्री पावणेअकराच्या सुमारास मावळतो, तेव्हा जेवणानंतर आईबाबांना बंदरापर्यंत उजेडातच चालत नेता येईल.
– काल्लिओ येथील सभासद