भूकंपांची जुनी यादी मोफत कुठे मिळेल?

भूस्तर: एका प्रदेशातले १९७५ पासूनचे भूकंप स्प्रेडशीटमध्ये हवेत. यूएसजीएसच्या (अमेरिकेची भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था) साइटवर शोध दिला की एररच येते.

कंपनरेषा: एका शोधात २०,००० नोंदींची मर्यादा आहे. किमान मॅग्निट्यूड (भूकंप किती मोठा ते सांगणारा आकडा) ४.५ ठेवा, नकाशावर चौकोन आखा, आउटपुट सीएसव्ही (स्प्रेडशीटमध्ये उघडणारी फाइल) निवडा. तरीही अडलं तर दहा-दहा वर्षांचे तुकडे करून उतरवा. वेळा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ) असतात, स्थानिक वेळ समजू नका.

गाभा: फाइल मिळाली की लगेच आलेख काढू नका! खोलीच्या रकान्यात नेमके १० किंवा ३३ किमी वारंवार दिसतील. खोली नीट ठरवता आली नाही की हे आकडे गृहीत धरले जातात, ती मोजलेली खोली नव्हे. मॅग्निट्यूडचा प्रकारही वेगळ्या रकान्यात असतो, तो पाहाच. 'एमबी' (पृथ्वीच्या पोटातून जाणाऱ्या लहरींवरून काढलेला मॅग्निट्यूड) मोठ्या भूकंपांना कमी दाखवतो, म्हणून 'एमडब्ल्यू'सोबत (भ्रंशाच्या एकूण सरकण्यावरून काढलेला मॅग्निट्यूड) सरसकट मिसळू नये. आणि लहान भूकंप अलीकडे वाढलेले दिसतात ते बहुतांशी भूकंपमापन केंद्रं वाढल्यामुळे.

कंपनरेषा: तपासलेल्या नोंदी हव्या असतील तर आयएससीचं (आंतरराष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र) बुलेटिन घ्या. ते साधारण दोन वर्षं मागे असतं, पण जुन्या काळासाठी तेच बरं.