मदत हवी आहे: भाचीचे पाऊल चालताना आत वळते

मृणाल_सा: माझ्या भाचीचे डावे पाऊल चालताना आत वळते आणि ती पडते. मेंदूचा एमआरआय निर्दोष असूनही कागदावर ‘सेरेब्रल पाल्सी’ (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहणे) लिहून व्यायाम चालू ठेवायला सांगितले आहे. यामागे दुसरे कोणते कारण असू शकते? कृपया लवकर सांगावे. धीर देणारे प्रतिसाद नकोत.

अनिकेत७: वय किती? त्रास जन्मापासून आहे की नंतर सुरू झाला? दिवसभर सारखाच असतो का?

रमाकाका: माझ्या पुतण्याला विल्सनचा आजार निघाला, त्यात शरीरात तांबे साठते. तांब्याच्या भांड्यातले पाणी आजच बंद करा.

शलाका: काका, हा आजार एटीपी७बी जनुकातील दोषामुळे होतो, यकृताला जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकता येत नाही. त्याचे कारण भांडे नव्हे. तपासण्या मात्र अवश्य कराव्यात: रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन (तांबे वाहून नेणारे प्रथिन), २४ तासांच्या लघवीतील तांबे, आणि बुबुळाभोवतीच्या तपकिरी कड्यासाठी स्लिट लॅम्पने डोळ्यांची तपासणी.

रमाकाका: भांडे सोडल्यावरच तो सुधारला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

शलाका: त्या सुमारास पेनिसिलामाइन (शरीरातले तांबे बाहेर काढणारे औषध) सुरू झाले होते की नाही, तेही लिहा.

रमाकाका: गोळ्या होत्याच. पण पथ्यही होते!

वैशाली_ठाणे: दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज ऑनलाइन करता येतो, माहिती हवी असल्यास सांगावे.

मृणाल_सा: प्रमाणपत्राबद्दल मी विचारलेले नाही. वय नऊ, त्रास सहाव्या वर्षानंतरचा. सकाळी ती व्यवस्थित चालते, संध्याकाळी पाय ओढते, आणि दुपारी झोप झाली की पुन्हा बरी असते. थकव्यामुळे होत असेल असे वाटल्याने लिहिले नाही.

अनिकेत७: सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे! दिवस चढेल तसा वाढणारा आणि झोपेनंतर ओसरणारा हा प्रकार जपानमधील मासाया सेगावा यांनी १९७६ साली सविस्तर मांडला. त्यात जीसीएच१ जनुकातील दोषामुळे मेंदूत डोपामाइन (हालचालींसाठी लागणारे रसायन) कमी तयार होते, एमआरआय निर्दोष येतो आणि म्हणूनच अनेक मुलांवर सेरेब्रल पाल्सीचा शिक्का बसतो. लेव्होडोपाच्या (मेंदूत ज्याचे डोपामाइन बनते त्या औषधाच्या) अल्प मात्रेने बहुतेक मुलांमध्ये ठळक सुधारणा होते आणि ती वर्षानुवर्षे टिकते. मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टला याच आजाराबद्दल, म्हणजे ‘डोपा-रिस्पॉन्सिव्ह डिस्टोनिया’बद्दल (डिस्टोनिया म्हणजे स्नायू आपोआप आखडून अवयव वळणे) स्पष्ट विचारा आणि सकाळ-संध्याकाळच्या चालण्याचे व्हिडिओ सोबत न्या.

मृणाल_सा: आधी जनुकीय चाचणी करावी की औषध?

शलाका: ते डॉक्टर ठरवतील, परंतु जनुकीय चाचणीत दोष न सापडताही हा आजार असू शकतो, त्यामुळे तिच्या अहवालासाठी लेव्होडोपा देऊन पाहणे सहसा थांबवत नाहीत. विल्सनच्या तपासण्या मात्र त्याच भेटीत मागून घ्याव्यात.