अभ्यासिका झाली म्हणजे शाळा वाचली का?

पूर्वभागकर: परवा इथं एकानं लिहिलं, "सोलापुरात पेठेतल्या बंद तेलुगू शाळेत अभ्यासिका झाली, इमारत वाचली, आता रडगाणं पुरे." मी तिथं चौथीपर्यंत होतो, म्हणून गप्प बसवेना. काय वाचलं ओ? शहाबादी फरशीवर टाइल्स, भिंतींना प्लायवूड, दारावर फ्लेक्स, 'स्थापना 2021'. माझे वडील 1949 च्या दिवाळीत तिथं दुसरीला होते. जुन्या मिलचा भोंगा झाला की शिपाई घंटा द्यायचा. तेव्हा काय स्थापना व्हायची होती?

सातरस्ता: ते मीच लिहिलं. इमारतीचा वापर बदलतोच. इंद्रभुवन अप्पासाहेब वारदांचं घर, आज तिथं महापालिका बसते. कोण रडतंय? शाळेत पोरंच नव्हती, कबुतरांना बाराखडी शिकवायची का?

पूर्वभागकर: वारदांचं नाव तुला ठाऊक आहे ना? मग झालं. आमच्या शाळेचं नाव सांग बघू. आणि पोरं का नव्हती? घरात तेलुगू, दप्तरात इंग्लिश मीडियम. तुझी कुठं जातात?

सातरस्ता: पोरांवर जाऊ नको बे.

चाळीतला नाना: तुमचं चालू द्या, पण भोंगा चुकलाय. जुनी मिल 1949 च्या ऑगस्टमध्ये बंद पडली. सरकारनं 1950 च्या जानेवारीत वटहुकूम काढून कारभार हाती घेतला, भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. त्या दिवाळीत कसला भोंगा?

पूर्वभागकर: म्हणजे माझे वडील खोटं बोलायचे?

चाळीतला नाना: खोटं कशाला, लक्ष्मी-विष्णू मिलचा ऐकला असेल. आमचे आजोबा तेव्हा घरीच बसून होते. आजी म्हणायची, भोंगा नाही तर चहा कधी टाकायचा तेच कळेना.

गड्ड्यावरचा: लक्ष्मी-विष्णू कुठलं, नरसिंग गिरजी! आमच्याकडं त्याच भोंग्यावर दूध तापायचं.

चाळीतला नाना: तुमचं घर कुठं, शाळा कुठं! वारा पाहिलात का?

गड्ड्यावरचा: आता वारा पण तुमचाच का?

खिडकीजवळची: मी त्या अभ्यासिकेत बसते. महिना पाचशे. आई विड्या वळते, घर दहा बाय बारा, भिंतीपलीकडं शेजाऱ्यांचे यंत्रमाग. त्या खटखटीत भरतीचा अभ्यास करून दाखवा, मग आम्हाला इतिहास शिकवा.

पूर्वभागकर: ताई, तुमच्यावर राग नाही. बसा, पास व्हा. पण फ्लेक्सशेजारी शाळेच्या नावाची एक फळी लावायला किती खर्च येतो?

सातरस्ता: एवढंच होतं तर पहिल्याच ओळीत म्हणायचं. लावा, दोनशे रुपये मी देतो. कबुतरांच्या वतीनं.

खिडकीजवळची: आज मुद्दाम बघितलं. कोपऱ्यातलं प्लायवूड सुटलंय, मागं फळा आहे. कडेला पिवळ्या ऑइलपेंटनं तेलुगू अक्षरं. मला वाचता येत नाहीत, माझं सगळं मराठीत झालं.

पूर्वभागकर: फोटो टाका. वाचून सांगतो.

चाळीतला नाना: फोटो टाका, पण भोंगा लक्ष्मी-विष्णूचाच.