सल्ला हवा: घरचे वायफाय कॅमेरे तपासून बघायला आणि शिकायला काय घेऊ? सोबत छोटा ड्रोन, बजेट 8000 (फोंडा)

कुळागरवालो_सावईवेरे:
नमस्कार मंडळी. आमच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) मांगराला, म्हणजे बागेतल्या खोपटाला, दोन वायफाय कॅमेरे लावलेत, एक माकडांवर लक्ष ठेवायला आणि एक सुपारी वाळत घालतो त्या खळ्यावर. बसवायला आलेला माणूस डब्यावर छापलेला पासवर्ड तसाच ठेवून गेला, तो मी लगेच बदलला, पण तेव्हापासून डोक्यात बसलंय की कॅमेरा आणि फोन यांच्यामध्ये हवेतून नेमकं काय जातं ते आपल्याला बघता यायला पाहिजे. दुसरी हौस ड्रोनची. ड्रोन आणि त्याचा कंट्रोल एकमेकांशी काय बोलतात, मध्ये कोणी कान लावून बसला तर त्याला काय ऐकू येईल, हे स्वतःच्याच ड्रोनवर करून बघायचंय. दुसऱ्याच्या नेटवर्कला हात लावायचा नाही, हे आधीच सांगतो.
जुना लॅपटॉप आहे, त्यावर लिनक्स आहे. सगळं एका बॅगेत मावलं पाहिजे आणि पॉवरबँकवर भागलं पाहिजे, कारण पावसात मांगरात लाइट असेलच असं नाही. बजेट ड्रोन धरून एकूण 8000, त्याच्या वर नाही, सुपारी विकल्याशिवाय हातात पैसा येत नाही.
मडगावात एकजण टेलो नावाचा छोटा ड्रोन विकतोय, दोन बॅटऱ्यांसकट 4500 म्हणतो. घेऊ का? आणि उरलेल्या पैशांत वायफाय अडॅप्टर कुठला घेऊ?

म्हापशेकार_77:
फ्लिपर झीरो नावाचं छोटं रेडिओ यंत्र घे, विषय संपला. मी दुबईहून भावोजींकडून आणवला, खिशात मावतो, टीव्ही चालतो, एसी चालतो, आमच्या बिल्डिंगच्या गेटचं कार्ड वाचतो. बजेट थोडं वाढव, पण एकदाच घे आणि चांगलं घे.

डिचोली_सर्किट:
@म्हापशेकार अहो पण त्यांना वायफाय बघायचंय. फ्लिपरमध्ये वायफाय नाहीच. त्यातला रेडिओ 1 गिगाहर्ट्झच्या खालचा, बाकी 125 किलोहर्ट्झची आणि 13.56 मेगाहर्ट्झची कार्डं, इन्फ्रारेड आणि ब्लूटूथ. वायफायसाठी वरून वेगळा ईएसपी32 या वायफाय चिपचा बोर्ड लावावा लागतो, मग तोच बोर्ड पाचसहाशे रुपयांत सुटा घेऊन लॅपटॉपला लावलेला काय वाईट?

म्हापशेकार_77:
मी वापरतो म्हणून सांगितलं. माझं काम होतं.

पणजी_रेडिओ:
मी आल्तिनोवर राहतो, गच्चीवर आरटीएल-एसडीआर डोंगल (लॅपटॉपला लावायचा रेडिओ रिसीव्हर) लावलाय, 1090 मेगाहर्ट्झवर दाबोळी आणि मोपा दोन्हीकडची विमानं एकाच नकाशावर दिसतात. विमान आपला नंबर, उंची, वेग सगळं उघड सांगत जातं, कुलूप कसलं नाहीच. शिकायला यासारखी दुसरी गोष्ट नाही. तुम्ही मात्र हॅकआरएफ हा त्याहून मोठा रेडिओ घ्या, 1 मेगाहर्ट्झपासून 6 गिगाहर्ट्झपर्यंत सगळं त्यात येतं, वायफाय आलं, ड्रोन आला, गाडीची किल्ली आली.

डिचोली_सर्किट:
हॅकआरएफ 8000 मध्ये? चिनी नक्कलसुद्धा यायची नाही. आणि आरटीएल-एसडीआर साधारण 1.7 गिगाहर्ट्झला थांबतो, 2.4 वरचा कॅमेरा किंवा ड्रोन त्यात दिसणार नाही. विमानांसाठी उत्तम, या कामाला नाही.

पणजी_रेडिओ:
बजेट कळलं हो मला. पण माणसानं पुढचा विचार करावा. आज अडॅप्टर घेईल, उद्या ब्लूटूथ बघावंसं वाटेल, परवा गेटचा रिमोट, प्रत्येक वेळी नवं यंत्र घेत बसणार का?

वास्को_चिखली:
ड्रोनचं म्हणाल तर आमच्यासारख्यांनी नावच काढायचं नाही. दाबोळीचा विमानतळ आयएनएस हंसा या नौदलाच्या तळात आहे, आमच्या घरावरून लढाऊ विमानं जातात. ड्रोनच्या सरकारी नकाशात आमचा सगळा भाग तांबडा, म्हणजे परवानगीशिवाय उडवायचा नाही. राज्य एवढंसं आणि विमानतळ दोन, 2023 च्या जानेवारीपासून मोपाही सुरू झाला, तेव्हा पेडण्याकडच्या पोरांचीही तीच गत. फोंड्याचे लोक नशीबवान. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी साइटवरचा तो नकाशा उघडून बघा एवढंच सांगतो, शेजारी उडवतो म्हणून आपणही उडवला हे कारण पोलिसांना चालत नाही.

काणकोणकार:
टेलो घेऊ नको रे. तसलाच 80 ग्रॅमचा माझ्या भाच्याकडे होता, पाळोळेच्या किनाऱ्यावर संध्याकाळी उडवला, जमिनीवरून वारा सुटला आणि दर्यावर गेला तो गेला. कॅमेरापण 720पी. थोडे पैसे साठव आणि 249 ग्रॅमवाला चांगला घे, जीपीएस आहे, स्वतः परत येतो. मी त्यानं आगोंदचं जे शूटिंग केलंय ते बघशील तर वेडा होशील, लिंक टाकू का?

वास्को_चिखली:
@काणकोणकार 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो गटात हे बरोबर, पण नॅनो म्हणजे सगळं माफ नव्हे. 2021 च्या ड्रोन नियमांत नॅनोला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, नोंदणी ही वेगळी गोष्ट. लोक दोन्ही एकत्र करतात. नकाशातल्या हिरव्या भागात, ग्रीन झोनमध्येही 400 फुटांपर्यंतच, आणि विमानतळाच्या कुंपणापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फूट. आणि किनाऱ्यावर पर्यटकांच्या डोक्यावरून उडवणं हे मला पटत नाही, ग्रीन झोन असला तरी.

काणकोणकार:
मी सकाळी सहाला उडवतो, तेव्हा कोणी नसतो.

पेडण्याचो_पायलट:
टेलो म्हणजे खेळणं. खरं शिकायचं असेल तर स्वतः बांध. छोटा व्हूप (पंख्यांभोवती कडं असलेला ड्रोन) बांध, कंट्रोलला ईएलआरएस ही रेडिओ लिंक घाल. फक्त एक बघ, 915 मेगाहर्ट्झचं मॉड्यूल स्वस्त मिळालं तरी घेऊ नको, तो बँड आपल्याकडे मोकळा नाही. आपल्याकडे 865 ते 868, नाहीतर सरळ 2.4. गॉगल, रेडिओ, चार्जर मिळून सुरुवातीला पंचवीसेक हजार जातील, पण नंतर काही लागत नाही.

डिचोली_सर्किट:
नंतर काही लागत नाही हे सांगणारा एफपीव्हीवाला (गॉगल लावून ड्रोन उडवणारा) मी अजून बघितलेला नाही. पण ईएलआरएसवरून एक कामाचं सांगतो. त्यात जो बाइंडिंग फ्रेज टाकतात तो पासवर्ड नाही. शेजारच्याचा रेडिओ आणि तुझा रेडिओ एकमेकांत घुसू नयेत एवढ्यासाठीच तो आहे, त्यानं काही एनक्रिप्ट होत नाही. मूळ विचारणाऱ्याचा प्रश्न हाच होता ना, मध्ये बसलेल्याला काय ऐकू येतं?

पेडण्याचो_पायलट:
हो, ते खरं. पण पहिल्यापासून रेंजसाठी बनवलंय ते, कुलपासाठी नाही.

बार्देशचो_बंटी:
अरे पैसे कशाला घालवता, ईएसपी8266 चिपचा डीऑथर (लोकांना वायफायवरून बाहेर काढणारं यंत्र) तीनशे रुपयांत होतो. मी हातावर घड्याळासारखा बांधून कळंगुटच्या एका हॉटेलात गेलो, सगळ्यांचं वायफाय बंद. वेटर राउटरकडे धावला. मस्त मजा आली.

नेटवर्कवाली_मडगाव:
बंटी, ज्यांचं बंद केलंस त्यात कोणाचा डॉक्टरशी कॉल चालू असेल, कोणाचं बिल भरणं चालू असेल. माझ्या नवऱ्याचं हॉटेल आहे, असा प्रकार झाला की पहिली ओरड आमच्या पोरांना खावी लागते. आयटी कायद्याचं कलम 66 वाच, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मालकाच्या परवानगीशिवाय नेटवर्कमध्ये व्यत्यय आणणं त्यात येतं, मग यंत्र तीनशेचं असो की तीस हजारांचं.

बार्देशचो_बंटी:
ताई, दोन मिनिटंच केलं.

डिचोली_सर्किट:
दोन मिनिटं असो की दोन सेकंद, तिचं बरोबर आहे. आणि यात शिकण्यासारखं काय आहे? डीऑथ चालतो कारण जुन्या वायफायमध्ये "निघ इथून" हा निरोप खरोखर राउटरनंच पाठवला का हे कोणी तपासत नाही. डब्ल्यूपीए3 या वायफायच्या नव्या सुरक्षा पद्धतीत ते तपासणं सक्तीचं केलंय, कित्येक जुन्या, डब्ल्यूपीए2 राउटरमध्येही पर्याय असतो, पीएमएफ नावाचा. कुळागरवाले, तुमच्या राउटरमध्ये तो चालू करून कॅमेरे जोडले जातात का ते बघा. स्वस्त कॅमेरे बऱ्याचदा नखरे करतात, हा खरा प्रयोग.
आता अडॅप्टर. एआर9271 चिपचा घ्या. लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हर आधीच असतो, मॉनिटर मोड (हवेतली सगळी पॅकेट ऐकायची सोय) विनासायास चालतो. टीएल-डब्ल्यूएन722एन सगळे सुचवतील, पण ती चिप फक्त व्हर्जन 1 मध्ये, पुढच्या व्हर्जनमध्ये रिअलटेकची चिप आहे, डबा बघून फरक कळत नाही, मागच्या स्टिकरवर बारीक अक्षरात व्हर्जन लिहिलेलं असतं. म्हापशातल्या एका दुकानदारानं मला "सेम टू सेम" म्हणत व्हर्जन 3 गळ्यात मारला आणि परत घ्यायला तयार नाही. शेवटी मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून बिनब्रँडचा एआर9271 मागवला, तो आजतागायत चालतोय. फक्त 2.4 आहे, 5 गिगाहर्ट्झ दिसत नाही. तुमचे कॅमेरे कशावर आहेत ते आधी राउटरमध्ये बघा.

कुळागरवालो_सावईवेरे:
कॅमेरे 2.4 वरच आहेत. 5 तसाही मांगरापर्यंत पोचत नाही, पोफळी आणि केळी मध्ये आहेत, आणि पाऊस पडून पानं भिजली की 2.4 सुद्धा अर्ध्यावर येतो.

फोंडेकार_आयटी:
एआर9271 घ्या. फ्लिपर नको, त्यात वायफाय नाही.

पणजी_रेडिओ:
ओल्या पानांचा मुद्दा बरोबर आहे, पाणी 2.4 चांगलंच शोषतं. दिशादर्शक अँटेना लावा. मी घरीच ॲल्युमिनियमच्या पाइपाची यागी केलीय, फोटो टाकतो संध्याकाळी.

काणकोणकार:
माकडांसाठी कॅमेऱ्यापेक्षा कुत्रा बरा. आमच्याकडे दोन आहेत, नारळाला हात लागत नाही.

नेटवर्कवाली_मडगाव:
हवेतलं बघण्याआधी घरातलं बघा, त्याला रुपया लागत नाही. कॅमेरे गेस्ट नेटवर्कवर टाका म्हणजे तुमचा लॅपटॉप आणि बँकेचा फोन वेगळा राहील. राउटरमध्ये डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिननं जोडायची सोय) बंद, यूपीएनपी (आतल्या यंत्रांनी बाहेरची दारं आपोआप उघडायची सोय) बंद. कॅमेऱ्याचं फर्मवेअर अपडेट करा. 2016 चा मिराई हा मालवेअर आठवत असेल, जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर पकडले गेले ते काही भारी हॅकिंगनं नाही, कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदलला नव्हता म्हणून. तुमच्या बसवणाऱ्यानं केलं ते घरोघरी होतं, माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत तेच जास्त.
अडॅप्टर आल्यावर वायरशार्कमध्ये (पॅकेट उघडून बघायचं सॉफ्टवेअर) नुसता पासवर्ड टाकून भागत नाही. डब्ल्यूपीए2 वरचं स्वतःचं बोलणं उघडायचं तर कॅमेरा जोडला जातानाचे चार पॅकेटही पकडावे लागतात. म्हणून कॅप्चर आधी सुरू करा, मग कॅमेरा बंद करून चालू करा. त्यानंतरही आतला व्हिडिओ उघडा दिसला तर तो कॅमेरा बदला.

पेडण्याचो_पायलट:
आणि टेलो घेऊ नको.

फोंडेकार_आयटी:
मलाही टेलो नको वाटतो. जुनं मॉडेल आहे, 2018 चं, बॅटरी फुगलेली निघाली तर कुठे जाणार? त्यापेक्षा स्वतः बांधायचा ईएसपी-ड्रोन बघा, ईएसपी चिप बनवणाऱ्या एस्प्रेसिफनं आराखडा आणि कोड दोन्ही खुले ठेवलेत, पाहिजे तसा बदलता येतो.

कुळागरवालो_सावईवेरे:
सगळ्यांचे आभार, देव बरें करूं. वाचून आणि विचार करून मी टेलोच घेतला. एवढ्या लोकांनी नको म्हटलं म्हणून कारण सांगतो.
मला शूटिंग करायचं नाही, किनाऱ्यावर न्यायचा नाही. मला त्याचं बोलणं ऐकायचंय. टेलो स्वतःचं वायफाय सोडतो, सुरुवातीला पासवर्ड नसतो, 2.4 वर चालतो, म्हणजे जो अडॅप्टर कॅमेऱ्यांसाठी घ्यायचा तोच इथे चालणार. चार्जिंग मायक्रो यूएसबीनं ड्रोनमध्येच होतं, पॉवरबँक पुरते, चार्जर घेत बसायला नको. जीपीएसवाल्या महागड्या ड्रोनचं बोलणं एनक्रिप्टेड, ते मला नवशिक्याला काय कळणार? ईएसपी-ड्रोन मला आवडला, पण पावसाळ्यात मांगरात बसून सोल्डरिंग करायची माझी तयारी नाही, तो पुढच्या वर्षी.
मडगावला जाऊन विकणाऱ्यासमोरच दोन्ही बॅटऱ्या काढून सपाट टेबलावर ठेवल्या, फुगलेली असती तर डुगडुगली असती. ॲपमधून अॅक्टिव्हेट झालेला आहे ना तेही बघितलं. 4000 ला दिला. बिनब्रँडचा एआर9271 लॅमिंग्टन रोडवरूनच मागवला. दोन्ही मिळून बजेटच्या आत.
घरात लाल सिमेंटची गुळगुळीत जमीन आहे, तिथे तो एका जागी थांबेना, सरकत भिंतीकडे जायला लागला. पोटाखालचा कॅमेरा जमिनीवरची नक्षी बघून जागा धरतो आणि लाल चकचकीत जमिनीवर त्याला काही सापडत नाही. आईनं रंगीत पट्ट्यांची चटई अंथरली, तिच्यावर मात्र खिळल्यासारखा उभा राहिला.
आणि आता मुख्य गोष्ट. लॅपटॉपवरून पायथननं आज्ञा पाठवल्या, बाजूला वायरशार्क चालू ठेवला. 8889 पोर्टच्या यूडीपी पॅकेटमध्ये "टेकऑफ" हा शब्द, इंग्रजीत, सरळ अक्षरात लिहिलेला. नंतर "लँड", तोही तसाच. काहीही उघडावं लागलं नाही. जवळपास कोणीही अडॅप्टर घेऊन बसला असता तरी त्याला हेच दिसलं असतं. मग ड्रोनच्या वायफायला पासवर्ड लावला आणि परत तेच केलं, तर त्याच जागी नुसता कचरा. कॅमेऱ्याच्या पासवर्डवरून मला जो प्रश्न पडला होता त्याचं उत्तर मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळालं, वाचून हे कळलं नसतं.

काणकोणकार:
बरं झालं, पण बाहेर उडवू नको.

डिचोली_सर्किट:
उत्तम! पॅकेट सुटतात का मध्ये? माझ्याकडे सुरुवातीला निम्मी गायब असायची.

कुळागरवालो_सावईवेरे:
सुटत होती. अडॅप्टर एकेका चॅनलवर फिरत राहतो म्हणून. टेलो ज्या चॅनलवर आहे त्याच चॅनलवर अडॅप्टर लॉक केला, आता बहुतेक सगळी येतात. येत्या रविवारी मांगरात कॅमेऱ्यांवर करणार, ताईंनी सांगितल्याप्रमाणे आधी कॅप्चर, मग कॅमेरा बंद-चालू. पीएमएफ चालू केल्यावर कॅमेरे जोडले जातात का तेही लिहितो.

म्हापशेकार_77:
फ्लिपर लागला तर सांग, आठवडाभर देईन वापरायला.