एकाच पिढीचे दोन प्रोसेसर, तरी कामाच्या वेळेत एवढी तफावत का?

सुदामानगरकर (इंदूर):
सर्वांना नमस्कार. घराच्या पुढच्या खोलीत मी मुलांची अभ्यासिका चालवतो. तेथे दोन जुने डेस्कटॉप आहेत आणि मुले घरी गेली की रात्रभर दोन्हींवर बॉइंक (वैज्ञानिक प्रकल्पांची गणिते घरच्या संगणकांवर सोडवून घेणारा कार्यक्रम) चालू ठेवतो. एकात पेंटियम जी३२२० आहे, तर दुसऱ्यात कोअर आय५-४५७०. दोन्ही इंटेलच्या २०१३ सालच्या हॅसवेल पिढीतले असून पहिल्याचा मूळ वेग ३.० गिगाहर्ट्झ आहे आणि दुसऱ्याचा ३.२. बॉइंकच्या स्वतःच्या वेगचाचणीत दर कोअरमागे (प्रोसेसरमधल्या प्रत्येक गणन-एककामागे) दोघांत थोडेच अंतर दिसते आणि रोझेटा अ‍ॅट होम या प्रथिनांच्या रचना शोधणाऱ्या प्रकल्पाचे क्रेडिटही (केलेल्या कामाचे गुण) दर कोअरमागे साधारण त्याच प्रमाणात मिळते. प्राइमग्रिड या अविभाज्य संख्या शोधणाऱ्या प्रकल्पावर मात्र एकाच प्रकारच्या कामाला पेंटियम आय५च्या दुपटीहून जास्त वेळ घेतो. शिवाय आय५वर एकच काम चालू असले तर ते लवकर संपते आणि चार एकदम सुरू केली की प्रत्येकाचा वेळ वाढतो, हे कोडेही मला सुटलेले नाही.

हे विचारण्याचे कारण असे की, मला जुन्या झिऑन ई५-२६७० चे वर्कस्टेशन स्वस्तात मिळत आहे. आठ कोअर, सोळा थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारे कामाचे प्रवाह). घ्यावे का?

पलासिया_गणक:
आपले निरीक्षण अचूक आहे, फक्त दोष गिगाहर्ट्झचा नाही. हॅसवेल पिढीतल्या पेंटियम आणि सेलेरॉनमध्ये इंटेलने एव्हीएक्स हा, एका सूचनेत अनेक संख्यांवर एकदम गणित करणारा सूचनासंच बंद ठेवला होता, आय३पासून वर मात्र तो दिलेला आहे. प्राइमग्रिडचा एलएलआर हा प्रोग्राम जॉर्ज वोल्टमन यांच्या ज्या गणिती लायब्ररीवर चालतो, तीच मर्सेन अविभाज्य संख्या (दोनच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या) शोधणाऱ्या प्राइम९५ मध्येही आहे आणि तिचा जवळजवळ सगळा वेळ अवाढव्य संख्यांचे गुणाकार करण्यात जातो. पेंटियमवर तिला जुन्या एसएसई२ सूचनासंचावर काम भागवावे लागते, म्हणजे एका सूचनेत ६४ बिटांच्या दोनच संख्या हाताळता येतात. आय५वर चार हाताळता येतात, आणि एफएमए या जादा सूचनांमुळे गुणाकार व बेरीज एकाच सूचनेत होतात.

बॉइंकच्या चाचणीत हे दिसत नाही, कारण तिच्यातला व्हेटस्टोन हा १९७२ सालचा साधा कार्यक्रम आहे आणि तो या सूचना वापरतच नाही. म्हणून त्या आकड्यावरून यंत्राची निवड करू नये, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. रोझेटाचे काम अणूंच्या रचना पुन्हा पुन्हा पडताळण्याचे, त्यात निर्णयाच्या फांद्या फार. तेथे रुंद सूचनांचा लाभ कमी होतो. रोझेटाची कामे ठरावीक वेळ चालून थांबतात, त्यामुळे आपण वेळेऐवजी क्रेडिटची तुलना केलीत हे योग्यच झाले.

रामबागेतला_वाचक:
दुसऱ्या कोड्याचे उत्तर कॅशेत आहे. आय५-४५७० मध्ये चारही कोअरना मिळून ६ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरमधलीच छोटी, वेगवान स्मृती) आहे. समजा, एका कामाच्या एफएफटीची (मोठे गुणाकार झटपट करण्याच्या गणिती पद्धतीची) लांबी २५६के, म्हणजे सुमारे २ लाख ६२ हजार संख्या, आहे. दर संख्येला ८ बाइट धरल्यास फक्त त्या माहितीलाच २ एमबी लागतात. एक काम कॅशेत आरामात मावते, चार कामांना ८ एमबी हवेत. मग प्रत्येक कोअरला रॅमकडे धाव घ्यावी लागते आणि सगळे त्या एकाच वाटेवर खोळंबतात. प्राइमग्रिडच्या संकेतस्थळावरील पसंतीच्या पानावर एका कामाला किती थ्रेड द्यावेत हे ठरवता येते. तेथे चार लिहा आणि एका वेळी एकच काम चालू द्या. रॅमची एकच पट्टी असेल, तर तशीच दुसरी बसवून ड्युअल चॅनेल करा, म्हणजे रॅमकडे जाणाऱ्या वाटा दोन होतील. कॅशेबाहेर जाणाऱ्या कामांना त्याचा खरोखर उपयोग होतो.

हायपर-थ्रेडिंगचाही (एका कोअरवर दोन थ्रेड चालवण्याचा) न्याय असाच. एलएलआरचे एक काम कोअरची गणनाशक्ती आधीच पुरती वापरते, त्यामुळे दुसरा थ्रेड केवळ उष्णता वाढवतो. रोझेटासारख्या कामात प्रत्येक काम थोडे लांबते, पण दिवसाची एकूण बेरीज वाढते. मात्र रोझेटाची कामे रॅम बरीच खातात, हे सोळा थ्रेडचे यंत्र घेताना ध्यानात ठेवावे.

मालवी_रात्र:
झिऑनबद्दल माझे मत स्पष्ट आहे: घेऊ नका. ई५-२६७० हा २०१२ सालचा आहे; त्यात एव्हीएक्स आहे, पण त्याची पुढची आवृत्ती एव्हीएक्स२ आणि एफएमए नाहीत, आणि एकट्या प्रोसेसरची मर्यादा ११५ वॅट. संपूर्ण यंत्राने २०० वॅट ओढले आणि ते अहोरात्र चालले, तर दिवसाला ४.८ युनिट म्हणजे महिन्याला १४४ युनिट होतात. आपल्या बिलातला दर लावून पाहा, स्वस्ताई किती महिने टिकते ते कळेल. त्यापेक्षा रायझन ५ ५६०० पाहावा: सहा कोअर, ६५ वॅट, ३२ एमबी एल३. दुकानदार ५६००जी पुढे करील. त्यात ग्राफिक्स आहे, पण एल३ निम्मी, १६ एमबी. आपल्या कामासाठी हा फरक महत्त्वाचा आहे, आणि ५६०० ला स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागते हेही हिशेबात धरा. ते कार्ड आइनस्टाइन अ‍ॅट होमवर पल्सार (नियमित स्पंदने पाठवणारे तारे) शोधायला लावता येईल. हिंगोली जिल्ह्यातल्या लायगो-इंडिया या गुरुत्वलहरी वेधशाळेच्या उभारणीत आपल्या इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र सहभागी असताना, गुरुत्वलहरींचाही शोध घेणाऱ्या या प्रकल्पाला इंदूरच्या घराघरांतून हातभार लागावा, असे मला मनापासून वाटते.

आणखी एक. एव्हीएक्सच्या कामाने प्रोसेसर लवकर तापतो आणि तापला की स्वतःच वेग कमी करतो. गेल्या मे महिन्यात माझ्या यंत्राची कामे अचानक लांबली. झाकण उघडले तर हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसला होता आणि खालची पेस्ट वाळलेल्या चुन्यासारखी सुटून आली. साफसफाई करून नवी पेस्ट लावल्यावर वेळा पूर्ववत झाल्या. बॉइंकमध्ये ‘सीपीयू वेळ’ कमी करू नका, त्याने काम थांबत-चालत राहते आणि तापमान हेलकावे खाते. त्याऐवजी वापरायच्या कोअरची संख्या कमी करा.

सुदामानगरकर (इंदूर):
आपणा सर्वांचा ऋणी आहे. काल रात्री आय५वर चार थ्रेडचे एकच काम लावले आणि सकाळपर्यंत पूर्वीच्या रात्रींपेक्षा जास्त कामे पूर्ण झालेली दिसली. रॅमची खरोखरच एकच पट्टी निघाली, दुसरी उद्या आणतो. झिऑनवाल्याला नकार कळवला आहे. पेंटियमवरून प्राइमग्रिड काढून तेथे फक्त रोझेटा ठेवतो आहे.