मदत हवी आहे: काल मुलाच्या पोटात थिनर गेलं, आज खोकला सुरू झालाय

मुलगा पावणेदोन वर्षांचा. गणपतीआधी रंगकाम काढलंय. रंगारीदादांनी थिनर पाण्याच्या बाटलीत ओतून बाल्कनीत ठेवलं होतं. दिसायला पाणीच. काल अकराच्या सुमारास जोराचा ठसका ऐकू आला. धावले तर बाटली आडवी, झबलं पुढून ओलं, तोंडाला भपकारा. किती गेलं देव जाणे, फार तर एखाद-दोन घोट. सासूबाईंनी लगेच मिठाचं पाणी पाजून उलटी करवली. त्यांना काय बोलू? माझाही हात दुधाच्या पातेल्याकडे गेलाच होता.

जवळच्या दवाखान्यात नेलं. छाती तपासली, एक्स-रे काढला, स्वच्छ आला. तासाभराने घरी पाठवलं. उलटी करवल्याचं मी सांगितलं नाही. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या, तोंडातून निघेना.

आज पहाटेपासून खोकला, ताप १००.४. खेळतोय, पण मध्येच येऊन मांडीवर पडतो. घरचे म्हणतात पावसाळी सर्दी आहे, एक्स-रे चांगला आलाय ना. पुन्हा नेऊ का? की मीच उगाच घाबरतेय?

रानजाई
ताई, मी मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे. इथे लिहीत बसू नका. आत्ता शर्ट वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. तो रडत नसताना. या वयात मिनिटाला ४० किंवा जास्त म्हणजे श्वास वेगात आहे. बरगड्यांखाली खड्डा पडतोय, नाकपुड्या फुलताहेत, ओठ निळसर वाटताहेत किंवा तो गुंगीत आहे, असं काहीही दिसलं तर थेट १०८.

४० पेक्षा कमी भरले तरी आजच न्या, मुलांचा वॉर्ड असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात. रॉकेल, टर्पेंटाइन, थिनर यांची मुख्य भीती पोटाची नाही, फुप्फुसाची. पातळ असतं, ठसक्याबरोबर श्वासनलिकेत उतरतं आणि पसरतं. उलटी करवली की तेच पुन्हा घशापर्यंत येतं, म्हणजे दुसऱ्यांदा तीच संधी. लगेच काढलेला एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, डाग काही तासांनी दिसतो. म्हणून अशा मुलाला निदान सहा तास तरी नजरेखाली ठेवतात. आणि उलटीचं दारातच सांगा. कोणी रागावलं तर रागावू दे.

काठावरचा
दूध-तुपाने विष शोषलं जातं म्हणतात, चमचाभर द्यायला हरकत नाही.

रानजाई
हरकत आहे. कृपया काहीही पाजू नका.

धागाकर्ती
दोनदा मोजले. ५२ आणि ५०. निघतोय.

माळावरचा
बाटली सोबत घ्या, डब्यावर लेबल असेल तर त्याचा फोटोही. वाटेत दिल्लीच्या एम्सच्या विष माहिती केंद्राला फोन लावता येईल, १८०० ११६ ११७, चोवीस तास सुरू असतं. आमच्या घरी पुतणीने देव्हाऱ्यातला कापूर चघळला होता तेव्हा हाच नंबर कामी आला. (कापराने लहान मुलांना झटके येतात हे मला चाळिशीत कळलं. आरतीच्या ताटात उघडा पडलेला असतो, कोणाच्या मनातही येत नाही.)

धागाकर्ती
रात्रीचे नऊ. ॲडमिट केलंय. दुसऱ्या एक्स-रेत उजव्या बाजूला खाली डाग आहे. नाकाशी ऑक्सिजन लावलाय, तो सारखा ओढून काढतोय. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, अजून दोन-तीन दिवस राहावं लागेल.

दारात मी तोंड उघडायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, "मिठाचं पाणी मी पाजलं." डॉक्टरांनी नुसतं लिहून घेतलं. आता त्या बाकावर बसून त्याचं झबलं तिसऱ्यांदा हुंगताहेत, काल दोनदा धुतलंय तरी वास जात नाही म्हणे.

रानजाई, तुम्हाला काय म्हणू कळत नाही. एकच राहिलंय. रंगारीदादा उद्या सकाळी घरी येतील. ते उरलेलं थिनर बेसिनमध्ये ओतलं तर चालेल?

माळावरचा
बेसिनमध्ये नको, पेट घेतं. ज्या डब्यातून काढलं त्यातच भरून दादांना परत न्यायला सांगा. आणि रिकामी बाटली चेचून टाका, कोणीतरी पाणी भरेल.